डॉ. चेन सू लान आणि सिंगापूरची अफू



सिंगापुरात राहून आम्हाला बरीच वर्षे झाली, पण पासिर पांजांगच्या टेकडीवर कधी जाणे झाले नव्हते. ऑफिस, घर, मुलाची शाळा, शनिवारी लिटल इंडियातून भाजी आणि मंडळाचे कार्यक्रम यात वर्ष कसे सरते ते तुम्हाला आम्ही वेगळे सांगायला नको. आई भारतातून तीन महिन्यांसाठी आली होती, तिला रोज नवे काय दाखवायचे हा प्रश्न पडला, म्हणून एका रविवारी सकाळी पेपिस रोडचा चढ चढून आम्ही सगळे वर गेलो. वर जुना ब्रिटिशकालीन बंगला आहे, त्यात युद्धाच्या आठवणींचे संग्रहालय आहे. १४ फेब्रुवारी १९४२ रोजी मलय रेजिमेंटने जपान्यांशी इथे शेवटपर्यंत झुंज दिली. लेफ्टनंट अदनान सैदी यांचे नाव इथल्या शाळकरी मुलांनाही माहीत असते.

टेकडीचे नाव बुकित चंडू. बुकित म्हणजे टेकडी हे सगळ्यांना ठाऊकच आहे (बुकित बातोक, बुकित तिमाह वगैरे), पण हे चंडू काय? आमच्या चिरंजीवांना तो चंडोल पक्षी वाटला. आईने मात्र लगेच ओळखले. ती शाळेत हिंदी शिकवायची, तिला चंडूखान्याच्या गप्पा हा वाक्प्रचार माहीत होता. चंडू म्हणजे नळीतून ओढण्यासाठी शिजवून तयार केलेली अफू. टेकडीच्या पायथ्याशी सरकारचा चंडूचा कारखाना होता, त्यावरून हे नाव पडले.

सरकारचा? होय मंडळी, सरकारचाच! ज्या देशात विमानतळावर उतरण्यापूर्वीच अमली पदार्थांबद्दल मृत्युदंडाची सूचना आपल्याला वाचायला मिळते, त्याच देशात शंभर वर्षांपूर्वी सरकार अफू शिजवत होते, मोजून बंद करत होते आणि दुकानातून विकत होते. घरी येऊन आम्ही याबद्दल वाचायला बसलो आणि वाचता वाचता डॉ. चेन सू लान या माणसापाशी पोचलो. सिंगापुरात त्यांचे नाव मुलांच्या एका वसतिगृहामुळे पुष्कळांना माहीत आहे. आपल्या मंडळातल्या फारशा कोणाला ते माहीत असेल असे वाटत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच. दुसरेही एक कारण आहे, ते पुढे सांगतो.

आधी थोडा हिशेब समजून घेऊ. (आम्ही इंजिनियर, त्यामुळे हिशेबाशिवाय आमचे पान हलत नाही.) १८१९ मध्ये रॅफल्सने सिंगापूर वसवले ते खुले बंदर म्हणून. खुले बंदर म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर जकात नाही. व्यापारी खूष झाले, पण मग पोलीस, रस्ते आणि कचेऱ्या यांचा खर्च कुठून काढायचा? उत्तर सोपे होते. १८२० पासूनच अफू, दारू वगैरेंचे मक्ते लिलावात देण्याची पद्धत सुरू झाली. मक्तेदाराने सरकारला ठरलेली रक्कम द्यायची आणि मग गावभर चंडू विकायचा अधिकार फक्त त्याचा. एकोणिसाव्या शतकात बराच काळ सरकारी उत्पन्नाचा सुमारे निम्मा भाग या एका मक्त्यातून येत होता. १९१० पासून मक्तेदार गेले आणि सरकारने स्वतःच एकाधिकार घेतला.

आणि ओढणारे कोण? चीनहून आलेले मजूर. बंदरावर गोण्या वाहणारे, मळ्यांवर राबणारे आणि रिक्षा ओढणारे. हातरिक्षा इथे १८८० मध्ये आल्या. माणसाने माणसाला उन्हातून ओढत न्यायचे, संध्याकाळी रिक्षाच्या मालकाला भाडे द्यायचे आणि दाटीवाटीच्या खोलीत एका फळीवर अंग टाकायचे. अंगदुखी, जुलाब, खोकला या सगळ्यावर एकच स्वस्त औषध मिळत असे, चंडू. चार झुरक्यांनी दुखणे थांबायचे. काही महिन्यांनी तेच झुरके मिळाले नाहीत की दुखणे दुपटीने सुरू व्हायचे. मग कमाईचा मोठा भाग नळीत जायचा. ज्याला तेवढेही परवडत नसे, तो दुसऱ्याच्या नळीतली जळकी खरवड विकत घेऊन पुन्हा ओढायचा.

जेम्स वॉरन नावाच्या इतिहासकाराने त्या काळच्या कॉरोनरच्या नोंदी वाचून सिंगापूरच्या रिक्षावाल्यांवर एक मोठे पुस्तक लिहिले आहे. कॉरोनर म्हणजे अनैसर्गिक मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी. त्या नोंदींत रिक्षावाल्यांच्या आत्महत्याही आहेत. कारणे वाचली की आजच्या पेपरातली वाटतात. कर्ज, आजारपण, व्यसन, आणि हजारो मैलांवर घर असलेला एकटा माणूस. परदेशात राहणाऱ्या कोणालाही यातला शेवटचा शब्द समजावून सांगावा लागणार नाही.

आता जरा आपल्याकडे वळू. ही अफू येत कुठून होती? हिंदुस्थानातून. एक बंगाल-बिहारकडची, कलकत्त्याला लिलाव होणारी. दुसरी माळव्याची. आणि माळव्यात राज्य कोणाचे? शिंदे आणि होळकर यांचे! आपल्या मराठी संस्थानांच्या शेतांतली अफू मुंबई बंदरातून चीनच्या दिशेने निघायची आणि सिंगापूर त्या वाटेवरच होते. मुंबईत या व्यापारावर मोठमोठी घराणी उभी राहिली. सर जमशेटजी जीजीभाई यांनी ज्या संपत्तीतून जे.जे. रुग्णालयाला देणगी दिली, तिच्यातही चीनच्या अफूच्या व्यापाराचा वाटा होता. शिवाय १८६७ पर्यंत सिंगापूरचा कारभारही कलकत्त्याहूनच चालत असे. म्हणजे बुकित चंडूची गोष्ट ही फक्त चिनी लोकांची गोष्ट आहे असे आपल्याला म्हणता येणार नाही. नामदार गोखल्यांनी कायदेमंडळात या उत्पन्नाबद्दल आपल्याला वाटणारी लाज उघडपणे बोलून दाखवली होती. महात्मा फुल्यांनी पुणे नगरपालिकेचे सभासद असताना, १८८० मध्ये, दारूच्या वाढत्या गुत्त्यांविरुद्ध लेखी तक्रार केली होती. सरकारला पैसा मिळतो म्हणून लोकांना व्यसन विकायचे का, हा प्रश्न पुण्यातही होता आणि इथेही होता.

चेन सू लान यांचा जन्म १८८५ मध्ये चीनच्या फूचौ शहरात झाला. घराण्याचा धर्म मेथडिस्ट ख्रिस्ती, शिक्षण तिथल्याच मिशनच्या अँग्लो-चायनीज कॉलेजात, त्यामुळे इंग्रजी चांगले. विशीत ते सिंगापुरात आले. नेमके त्याच वेळी, १९०५ मध्ये, इथे सरकारी वैद्यकीय शाळा सुरू होत होती. ती सुरू होण्यामागे तान जियाक किम आणि इतर चिनी व्यापाऱ्यांचा अर्ज आणि त्यांनी जमवलेला निधी होता. जागा कुठली मिळाली? सिपॉय लाइन्स भागातल्या, पूर्वी वेडाच्या आजाराच्या बायकांना ठेवत त्या इमारतीची. (सिपॉय म्हणजे आपले हिंदुस्थानी शिपाई, त्यांची छावणी तिथे असायची. सिंगापूर जनरल हॉस्पिटलच्या परिसरात गेलात तर हे आठवून पाहा.) पाच वर्षांनी, १९१० मध्ये, पहिल्या तुकडीतले सात जण डॉक्टर होऊन बाहेर पडले. चेन सू लान त्या सातांपैकी एक, आणि हुशार विद्यार्थी म्हणून नाव मिळवलेले.

पंचविशीचा डॉक्टर, हातात नवी पदवी, गावात आपल्या भाषेचा डॉक्टर मिळणे मुश्कील. त्यांनी खासगी दवाखाना थाटला आणि तो उत्तम चालला. पुढे त्यांनी जे दान केले ते पाहता पैसाही चांगला मिळाला असणार. पण जरा विचार करा. रिक्षावाल्यांत फूचौच्या आसपासच्या जिल्ह्यांतून आलेले लोक मोठ्या संख्येने होते. म्हणजे दवाखान्याबाहेर रिक्षा ओढत उभा असलेला, डोळे खोल गेलेला, हाडांचा सापळा झालेला माणूस पुष्कळदा त्यांच्याच मुलखातला. आम्ही इथे चांगी विमानतळाकडे जाताना बांधकामावरच्या लॉरीत मागे बसलेली आपली माणसे पाहतो आणि मोबाइलमध्ये डोके घालतो. असो.

अफूविरुद्धची चळवळ चेन यांनी सुरू केली असे नाही. ते विद्यार्थी असतानाच, १९०६ मध्ये, डॉ. लिम बून केंग आणि डॉ. यिन सुआत चुआन यांच्या पुढाकाराने सिंगापुरात अफूविरोधी संस्था निघाली होती आणि व्यसनी लोकांना ठेवून घेऊन उपचार करण्याचा प्रयोगही झाला होता. त्यावर सरकारने काय केले असेल? आपल्याला अगदी ओळखीचे वाटेल असेच केले. आयोग नेमला! १९०८ च्या त्याच्या अहवालाचा सूर असा होता की अफूचे दुष्परिणाम वाढवून सांगितले जातात, बरेच लोक बेताने ओढतात. त्यानंतर मक्ता जाऊन सरकारी एकाधिकार आला, पण बंदी काही आली नाही. अफूऐवजी दुसरा कर बसवायची नुसती चर्चा झाली तरी व्यापारी वर्ग कडाडून विरोध करी. इन्कम टॅक्स नको, त्यापेक्षा मजुराची नळी बरी. दरम्यान जुने कार्यकर्ते थकले, निधी आटला आणि चळवळ थंडावली.

ती पुन्हा पेटवण्यात चेन सू लान यांचा मोठा वाटा. १९२० च्या दशकात त्यांचे सार्वजनिक काम वाढत गेले. १९२३ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांची संघटना उभी राहिली, तिच्या स्थापनेतही ते पुढे होते. गोऱ्या डॉक्टरांच्या तुलनेत स्थानिक डॉक्टरांना दुय्यम वागणूक मिळण्याचा तो काळ. त्यामुळे ही संघटना नुसती गेट-टुगेदरपुरती नव्हती. पुढे अफूविरोधी संस्थेची धुरा त्यांच्याकडे आली. १९२९-३० मध्ये राष्ट्रसंघाने पूर्वेकडच्या अफूची चौकशी करायला एक समिती पाठवली, तीही सिंगापुरात येऊन गेली. जगभर प्रश्न विचारले जाऊ लागले होते. इथल्या सरकारने १९२५ मध्ये अफूचे उत्पन्न गेले तर सोय असावी म्हणून राखीव निधी काढला आणि पुढे ओढणाऱ्यांची नोंदणी करून रेशन ठरवून दिले. पण दुकाने चालूच राहिली.

सरकारचे म्हणणे साधारण तीन मुद्द्यांत बसायचे. चिनी माणसाला याची सवयच आहे. एकदम बंद केले तर चोरटा माल येईल. आणि व्यसन सुटत नाही, ओढणाऱ्यांनाच ते सोडायचे नसते. चेन यांनी यातला तिसरा मुद्दा पकडला, आणि आम्हाला त्यांचे मोठेपण इथेच दिसते. भाषणे करणारे पुष्कळ होते. त्यांनी दवाखाना काढला.

१९३३ मध्ये हा अफूविरोधी दवाखाना सुरू झाला आणि चेन त्याचे संचालक झाले. तेव्हा ते अठ्ठेचाळीस वर्षांचे, म्हणजे आपल्यातले बरेच जण ज्या वयात निवृत्तीच्या एक्सेल शीट करायला लागतात त्या वयाचे. पैसा मुख्यतः लोकांच्या देणग्यांचा. इथे कोणाला पोलीस पकडून आणत नव्हते. ज्याला सोडायचे आहे त्याने यायचे. अफू सुटताना शरीराचे काय होते हे ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना माहीत असेल. नाका-डोळ्यांतून पाणी, उलट्या, जुलाब, हाडे मोडल्यासारखे दुखणे, झोप नाही, जीव नकोसा होतो. हे काही दिवस माणसाला कोणीतरी शेजारी बसून पार करून द्यावे लागतात. रोजंदारीवरच्या माणसाला तेवढे दिवस कामावर खाडा करणे म्हणजे घरी पाठवायचे पैसे बुडणे. तरीही माणूस आपल्या पायाने दवाखान्याच्या दारात येत असेल, तर त्याला सोडायचेच नसते हे म्हणणे कसे टिकेल?

या अनुभवावर त्यांनी १९३५ मध्ये मलायातील अफूच्या प्रश्नावर इंग्रजीत एक पुस्तिका प्रसिद्ध केली. डॉक्टराच्या शिस्तीने आणि वकिलाच्या चिकाटीने. त्यांचा रोख स्पष्ट होता. ओढणारा माणूस आजारी आहे, त्याला औषध आणि आधार द्या. आणि विकणारा, मग तो सरकार का असेना, त्याच्या नफ्याकडे बोट दाखवा. वसाहतीच्या काळात, सरकारशी संबंध ठेवून असलेल्या एका प्रतिष्ठित डॉक्टराने हे लिहिणे सोपे नव्हते. आपल्याच समाजातल्या ज्या श्रीमंतांचे पूर्वज अफूच्या मक्त्यावर गब्बर झाले होते, त्यांनाही ते आवडले नसणार.

इथे दुसरे कारण सांगतो, ज्यामुळे हा लेख लिहायला घेतला.

आमचे एक मामा होते. वाई तालुक्यातले, साखर कारखान्यात नोकरीला. आम्ही लहान असताना सुट्टीत त्यांच्याकडे जायचो. कधी खांद्यावर घेऊन नदीवर न्यायचे, कधी दिवसभर आतल्या खोलीत निजलेले असायचे. मोठी माणसे म्हणायची, मामांची तब्येत बरी नाही, तिकडे जाऊ नका. १९९८ मध्ये ते गेले. आम्हाला हार्ट अटॅक असे सांगितले गेले आणि आम्ही ते मोठे होईपर्यंत खरे मानले. इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना एका लग्नात कोणीतरी बोलून गेले, तेव्हा दारूचे कळले आणि त्यांनी आपला शेवट आपणच केला हेही कळले. त्यांना कोणी डॉक्टरकडे नेले नव्हते असे नाही. पिवळे झालेले डोळे दाखवायला नेले होते. दारू दाखवायला कोणी नेले नव्हते. ती आजारात मोडतच नव्हती ना, ती अब्रूत मोडत होती.

म्हणून चेन यांच्या दवाखान्याबद्दल वाचताना आम्ही तिथे अडकलो. १९३३ साल, मंडळी! आपल्याकडे तेव्हा मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलाने झोपून राहावे म्हणून त्याला अफूची बाळागोळी देत होत्या, कारण मूल सांभाळायला घरी कोणी नव्हते.

पुढची गोष्ट युद्धाची. जपानी फौजा सिंगापूरच्या वेशीवर आल्या, तेव्हा फेब्रुवारी १९४२ मध्ये चेन जहाजातून निसटायच्या प्रयत्नात होते. दक्षिणेला रियाऊच्या बेटांत पॉमपाँग नावाचे एक लहानसे बेट आहे, त्याच्या आसपास निर्वासितांनी भरलेल्या जहाजांवर जपानी विमानांनी बॉम्ब टाकले. कित्येक माणसे, त्यांत बायका-मुले, बुडून मेली. चेन वाचले, सिंगापुरात परतले आणि जपानी लष्करी पोलिसांच्या हाती सापडले. ऑक्सली राइज इथल्या कोठडीत त्यांचे हाल झाले. ही दोन्ही नावे त्यांनी पुढे आपल्या आठवणींच्या पुस्तकाच्या नावातच ठेवली. ते १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले, म्हणजे सत्तावीस वर्षे त्यांनी हे मनात बाळगले होते. (ऑक्सली राइजवरून आम्ही कितीदा टॅक्सीने गेलो असू. आता तिथे झाडीत लपलेल्या महागड्या इमारती आहेत.)

युद्धाने एक गोष्ट मात्र झाली. नोव्हेंबर १९४३ मध्ये ब्रिटनने जाहीर केले की जपान्यांकडून परत मिळणाऱ्या प्रदेशांत अफूचा सरकारी एकाधिकार पुन्हा सुरू होणार नाही. त्यात अमेरिकेचा दबाव होता, राजकारण होते. १ फेब्रुवारी १९४६ च्या हुकुमाने सिंगापुरात अफू ओढणे आणि जवळ बाळगणे हा गुन्हा ठरला. सव्वाशे वर्षे चाललेले दुकान एका दिवसात बंद! आणि गंमत पाहा, ज्याला इतकी वर्षे विरोध झाला तो इन्कम टॅक्स १९४७ च्या कायद्याने आलाच. दर वर्षी एप्रिलमध्ये आपण ज्याच्या नावाने बोटे मोडतो तो कर इथे पक्का झाला, तो अफू गेल्यावरच.

पण खरे सांगायचे तर सरकारचा चोरट्या मालाचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. काल ज्याला सरकारनेच रेशन दिले होते तो म्हातारा आज गुन्हेगार झाला. उपचाराची सोय पुरेशी नव्हती आणि चोरटी अफू मिळतच राहिली. शेवटी १९५५ मध्ये सेंट जॉन्स बेटावर व्यसनी लोकांसाठी सरकारी उपचार केंद्र निघाले. (हो, तेच बेट, जिथे आपण सहलीला जातो.) बंदी आणि दवाखाना या दोन गोष्टी एकदमच यायला हव्या होत्या असे आमचे मत. चेन यांनी १९३३ मध्ये दवाखाना आधी काढला होता, हे कोणीतरी लक्षात ठेवायला हवे होते.

युद्ध संपले तेव्हा चेन साठीला आले होते. कोठडीतून वाचलेला माणूस आता स्वस्थ बसला असता तर कोणी नाव ठेवले नसते. पण १९४६ मध्ये चायनीज वाय.एम.सी.ए. उभे राहिले, ते आजचे मेट्रोपॉलिटन वाय.एम.सी.ए. १९४७ मध्ये क्षयरोगाविरुद्ध ‘साटा’ ही संस्था निघाली, तिच्या संस्थापकांतही त्यांचे नाव आहे. युद्धानंतरच्या उपासमारीत आणि गर्दीच्या खोल्यांत क्षय फार पसरला होता. आणि त्याच वर्षी त्यांनी आपल्या मिळकतीचा ट्रस्ट केला. व्यसन, क्षय, पोरकी मुले ही त्यांच्या कामाची यादी वरवर वेगवेगळी दिसते, पण त्याच चाळवजा घरांतून हे सगळे येत होते. बाप नळीला लागलेला किंवा क्षयाने गेलेला, मग मुलांचे काय? १९६८ मध्ये त्यांच्या देणगीतून मुलांचे वसतिगृह सुरू झाले, चेन सू लान मेथडिस्ट चिल्ड्रन्स होम. सेरंगून गार्डन भागात ते आजही आहे. तेव्हा त्यांचे वय त्र्याऐंशी होते.

५ मे १९७२ रोजी ते गेले. त्याच वर्षी अमली पदार्थांविरुद्ध काम करणारी ‘साना’ ही संस्था स्थापन झाली. अफू म्हाताऱ्यांबरोबर संपत चालली होती, पण हेरॉइन दारात येऊन उभे होते. त्याआधी १९६९ मध्ये आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी सॅमॅरिटन्स ऑफ सिंगापूर (एसओएस) सुरू झाली होती. त्यांचा १७६७ हा नंबर चोवीस तास चालू असतो. आपल्यापैकी कोणालाही लागू शकतो, फोनमध्ये ठेवा. एक गोष्ट आम्हालाही हल्लीच कळली. आत्महत्येचा प्रयत्न हा सिंगापुरात १ जानेवारी २०२० पर्यंत कायद्याने गुन्हा होता. म्हणजे आजारी की गुन्हेगार हा चेन यांचा प्रश्न त्यांच्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षे या ना त्या रूपात उरलाच होता.

हे सगळे वाचून झाल्यावर एका रात्री जेवताना आम्ही आईला सांगत होतो. दवाखाना, रिक्षावाले, बेट, सगळे. ती ऐकत होती. मध्येच तिने विचारले की आपल्याकडे असे काही नव्हते का तेव्हा. तेव्हा म्हणजे कधी, हे तिने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही.

आम्ही सांगितले, होते. पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचटांनी पु.ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीने १९८६ मध्येच मुक्तांगण सुरू केले होते. मामा गेले तेव्हा त्याला बारा वर्षे झाली होती. वाईहून एस.टी.ने अडीच-तीन तास.

आई काही बोलली नाही. ताटातला भात तिने बोटांनी कालवला, संपवला आणि हात धुवायला उठली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना तिने नातवाला जवळ बसवले आणि त्याला तिच्या भावाची गोष्ट सांगायला लागली, नदीवर न्यायचे तिथपासून.